जावयाच्या मापाची सायकल

शशिधर भित्रा होता असं म्हणणं म्हणजे भित्र्या माणसांवर अन्याय आहे. भित्रा माणूस वेळ आली की पळतो तरी. शशिधर जागच्या जागी उभा राहून "चालतंय, चालतंय" म्हणायचा. भिंतीवर पाल दिसली तर ती खोली पालीला देऊन हा दुसऱ्या खोलीत झोपायचा. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फौंड्रीत तो स्टोअरचा कारकून होता. तिथं तो साहेबाला भ्यायचा, आणि साहेब रजेवर गेला तर सवय मोडू नये म्हणून शिपायाला भ्यायचा. पण ही सगळी किरकोळ भीती. ठोक भावातली भीती एकाच माणसाची, ती म्हणजे सासऱ्यांची.

सासरे म्हणजे मुरगूडचे नागाप्पा. भुसार मालाचे व्यापारी. उंची सहा फूट, आणि आवाज असा की दुकानात बसून त्यांनी "च्या सांग रं" म्हटलं की स्टँडवरच्या हॉटेलात आधण चढायचं. माणूस वाईट नव्हता हो! जावयाला कधी "जावईबापू" शिवाय हाक नाही. पण ती हाक कानावर पडली की जावईबापू बसल्या जागेवरून उठून उभे राहायचे, त्याला कोण काय करणार?

दोन हजार सात साली अधिक महिना आला. आपल्याकडे हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा पोळा. त्याला घरी बोलवायचं, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे द्यायचे आणि ऐपतीप्रमाणं काहीतरी वाण घालायचं. शशिधर आणि रुद्राणीच्या लग्नाला अडीच वर्षं झालेली, म्हणजे हा पहिलाच धोंडा. महिना लागायच्या आधीच नागाप्पांचा फोन आला.

"जावईबापू, काय घालू यंदा? सोनं म्हणा, चांदी म्हणा. लाजू नगासा!"

शशिधरनं फोनवर हात ठेवून बायकोकडं बघितलं. "काही नको म्हणू का गं?"

"खुळं का काय!" रुद्राणी म्हणाली. "आमच्यात काय नको म्हटलं की जावाय रुसला म्हणत्यात. गेल्या धोंड्याला आमच्या काकाचा जावाय काय बोलंना, नुसता भिंतीकडं तोंड करून बसला. शेवटी म्हस दिली तवा जेवला."

 शशिधरला हावरट जावई व्हायचं नव्हतं. माणसाला जगात काहीतरी नाव पाहिजे, आणि "मुरगूडच्या नागाप्पाचा जावाय लई साधा, कशाला हात पसरत न्हाय" एवढ्या एका नावावर तो सासरी मान वर करून वावरत होता. (मान वर करावीच लागायची. पाच फूट दोन इंच उंची, समोर नागाप्पा.) तेव्हा त्यानं जगातली सगळ्यात गरीब वस्तू आठवली आणि फोनमध्ये म्हणाला, "मामा, एखादी सायकल द्या. बास."

झालं. एवढ्याशा वाक्यानं पुढचं सगळं रामायण घडलं.

कारण नागाप्पांना सायकल म्हणजे दूधवाल्याची सायकल देणं शक्यच नव्हतं. त्यांचा मुलगा अमरेश कोल्हापुरात कॉलेजला होता. त्यानं वडिलांच्या डोक्यात भरवलं की हल्ली डोंगरात चालवायच्या सायकली निघाल्यात, पुढंही शॉकअप आणि मागंही शॉकअप, वरून खाली आणि खालून वर कशाही उड्या मारतात. नागाप्पा पुढच्याच बाजारच्या दिवशी कोल्हापुरात लेकीच्या घरी हजर झाले आणि जावयाला घेऊन थेट राजारामपुरीतल्या नव्या सायकलच्या दुकानात शिरले.

दुकानाचा मालक प्रसेनजीत, तरणाताठा, बोलका गडी. त्यानं शशिधरला वरून खालपर्यंत बघितलं. त्याला वरून खालपर्यंत बघायला फार वेळ लागत नाही.

"फ्रेमची साईज बघून घ्यायला लागती, काका," तो नागाप्पांना म्हणाला. "पंधरा इंची, सतरा इंची आणि एकोणीस इंची. ह्यास्नी पंधरा बसंल."

"आणि दर?"

"सगळ्यास्नी एकच."

नागाप्पांनी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू बिचाऱ्यानं वजनात मारलंय. "एकाच दरात एकोणीस मिळतंय आणि तू पंधरा घ्या म्हणतोस? माल कमी आणि पैसं तेवढंच?"

"आवं काका, हे काय गहू हायत व्हय? माणसाच्या मापानं घ्यायची असती. दोन पायांत सायकल धरून हुभारायचं, टाचा जमिनीवर. वरच्या दांडीत आणि माणसात चार बोटं तरी जागा ऱ्हायला पायजे. न्हायतर गचका बसला की..." प्रसेनजीतनं पुढचं वाक्य सोडून दिलं आणि डोळे मिटून घेतले. "आणि ही शॉकपवाली. बसलं की दबून खाली जाती, उठलं की दांडी परत वर येती. म्हणून मोकळ्या सायकलीवर माप घ्यायचं."

दांडी परत वर येती! ते चार शब्द शशिधरच्या पोटात खोल जाऊन बसले.

पण नागाप्पांचा हिशेब निराळा होता. "पयला धोंडा हाय. पै-पावणं बघाय येणार. जावयाला सगळ्यात बारकी सायकल दिली म्हटल्यावर मी तोंड कुठं दाखवू? एकोणीस काढ!" आणि ते वळले. "व्हय का न्हाय जावईबापू? बसून बघा की! अडचण आसंल तर सांगा, आपलं काय म्हणणं न्हाय."

सायकल पुढं आली. काळी, लाल पट्ट्यांची, जाड टायरांची. शशिधरनं पाय टाकला. टाकला म्हणजे दोन्ही हातांनी पँट धरून पाय पलीकडं नेऊन ठेवला. आता त्याच्या बुटांच्या फक्त चवड्या जमिनीवर होत्या, आणि दांडी अशा ठिकाणी येऊन टेकली होती की त्याला सगळे देव एकदम आठवले. तोंडावर मात्र हसू.

"टाचा टेकल्यात काय?" प्रसेनजीतनं काउंटरवरून विचारलं.

शशिधरनं सासऱ्यांकडं बघितलं. सासरे मिशीवर हात फिरवत वाट बघत होते. आता "मोठी होते मामा" एवढे तीन शब्द बोलायचे होते. पण त्या तीन शब्दांचा अर्थ "तुम्ही दिलेलं मला नको" असा निघाला तर? मग रुसला म्हणतील, मग म्हैस येईल! भाड्याच्या दोन खोल्यांत म्हैस बांधायची कुठं?

"टेकल्यात," तो चवड्यांवर थरथरत म्हणाला. "झकास बसतीय."

"हाय का न्हाय!" नागाप्पांनी पाठीवर थाप मारली. त्या थापेनं शशिधर दोन इंच खाली गेला, दांडी जागेवरच राहिली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर जोतिबाचा डोंगर लख्ख दिसला. "मग ठरलं. धोंड्याच्या दिवशी ह्याच्यावरच बसून या गावात. बगू देत लोक!"

पुढचे दिवस शशिधरनं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. पहाटे गल्ली झोपेत असताना तो सायकल बाहेर काढायचा. एकदा वर बसल्यावर सायकल छान चालायची, खड्डा आला तरी गादीवर बसल्यासारखं वाटायचं. प्रश्न फक्त उतरण्याचा होता. थांबली की पाय जमीन शोधत हवेत फिरायचे. उतरायला म्हणून बूड उचललं की मागचा शॉकअप "चुईंक" करून वर उठायचा, आणि त्याबरोबर दांडीही. शेवटी त्यानं युक्ती काढली. घराच्या कट्ट्यावरून चढायचं आणि कुठल्यातरी कट्ट्यावरच पाय टेकून उतरायचं. आता त्याला सगळ्या जगात दोनच गोष्टी दिसायला लागल्या, कट्टा आणि बिनकट्टा. स्वप्नात तो पन्हाळ्याच्या उतारावरून खाली यायचा आणि वाटेत कुठंही कट्टा नसायचा.

"बदलून आणा की," रुद्राणी म्हणाली. "अप्पा काय गिळत न्हाईत तुम्हाला."

"त्यांना काय वाटेल?"

"आणि पडलासा तर मला काय वाटंल, ते न्हाय का बघायचं?"

"पडत नाही. तुमच्या दारात कट्टा आहे. मोठा, दगडी. मी बघितलाय. सरळ जायचं आणि कट्ट्याला पाय लावायचा."

रुद्राणीनं कपाळावर हात मारून घेतला आणि आदल्या दिवशी माहेरी निघून गेली.

धोंड्याच्या दिवशी फौंड्रीचा एक टेम्पो गारगोटीला चालला होता. शशिधरनं त्यात सायकल घातली, मुरगूडच्या अलीकडं उतरला आणि रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावरून सायकलवर चढला. अंगात नवा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. आता थांबायचं ते एकदम सासऱ्यांच्या कट्ट्यालाच.

वळण घेतलं आणि घर दिसलं. दारात मांडव. मांडवापुढं रांगोळी, रांगोळीत पाट. पाटाशी सासूबाई गौरव्वा आरतीचं ताट घेऊन उभ्या. बाजूला नागाप्पा, नव्या धोतरात. आणि कट्टा?

कट्टा माणसांनी गच्च भरलेला! निपाणीचे पाहुणे, गारगोटीचे पाहुणे, गल्लीतले म्हातारे, सगळे जावयाची सायकल बघायला मांडीला मांडी लावून बसलेले. बोट टेकवायला जागा नव्हती, पाय कुठला टेकतोय?

 थांबलं तर पडणार. उतरलं तर दांडी. नागाप्पांनी दोन्ही हात पसरले. "याऽऽ जावईबापू!"

जावईबापू आले, आणि पाटाला वळसा घालून पुढं गेले.

गौरव्वांनी ओवाळायला उचललेलं ताट तसंच राहिलं. शशिधर चौकातल्या विजेच्या खांबाला वळसा घालून परत आला. यावेळी तरी कट्ट्यावरचा एखादा म्हातारा उठला असेल, अशी त्याला वेडी आशा होती. कसला उठतोय! उलट आणखी दोघं येऊन बसलेले. त्यानं दात आवळले आणि पुन्हा पाटाभोवतीनं निघून गेला. आजवर मुरगुडात जावयाभोवती आरती फिरत आलेली. त्या दिवशी प्रथमच आरती जागेवर आणि जावई भोवती!

कट्ट्यावर कुजबुज सुरू झाली.

"का वं उतरंना झालाय?"

"रुसला जनू!"

"सायकल पसंत न्हाय वाटतं. कसा ताठ बसलाय बघा की. मानबी हलवंना."

(मान हलवली असती तर तोल गेला असता.) शशिधरच्या कानावर हे सगळं पडत होतं. "अहो, तसं नाही हो!" असं त्याला ओरडायचं होतं. पण भीतीनं दातखीळ बसलेली. अडीच वर्षं जपलेलं नाव डोळ्यांदेखत मातीत चाललं होतं आणि तो स्वतःच त्याच्यावरून सायकल फिरवत होता.

तिसऱ्या वळशाला नागाप्पा पुढं आले. त्यांनी जावयाच्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं गरजले, "जावईबापू, रुसलासा व्हय? अंगठी घालतो! उतरा!"

शशिधर निघून गेला.

"अंगठीवर उतरंना!" कट्टा म्हणाला.

पुढच्या वळशाला नागाप्पांनी घड्याळ कबूल केलं. त्याच्या पुढच्या वळशाला गळ्यातली साखळी. लोक आता कट्टा सोडून उभं राहून बघायला लागले होते, म्हणजे कट्टा रिकामा झाला होता. पण कट्ट्यापुढं माणसांची भिंत! शशिधरच्या मांड्या भरून आल्या, टोपी डोळ्यांवर आली, नाकावरचा घाम हँडलवर टपकू लागला. एका कोपऱ्यात रुद्राणी तोंडाला पदर लावून उभी होती. ती रडतेय का हसतेय ते त्याला दिसेना. ती हसत असेल तर बरं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"लई चिवट जावाय गावलाय नागाप्पाला," कुणीतरी म्हणालं.

सायकल आता वेग टाकत चालली. हँडल डावीकडं जाई, मग उजवीकडं. आता पडणार, ह्या सगळ्या माणसांसमोर दांडीवर पडणार, आणि मग अनारसे काय नि धोंडे काय! शशिधरनं डोळे मिटून घेतले.

"मोटारसायकल!" नागाप्पांचा आवाज आला. "मोटारसायकल घालतो जावयाला! ठरलं!"

आणि पुढच्याच क्षणी एका राकट हातानं हँडल धरलं, दुसऱ्या हातानं शशिधरच्या कमरेला विळखा घातला, आणि तो सायकलवरून अलगद उचलला गेला. नागाप्पांनी जावयाला छातीशी कवटाळलं होतं. मांडवात टाळ्या पडल्या. "मोटारसायकल म्हटल्यावर उतरला बगा!" "सासरा असावा तर असा!" गौरव्वांच्या डोळ्यांत पाणी आलं. शशिधर सासऱ्यांच्या गळ्याशी लोंबकळत होता. तेवढ्यात त्याच्या कानाशी, आयुष्यात पहिल्यांदाच, नागाप्पांचा हळू आवाज आला.

"पाय टेकलं का? सोडू?"

शशिधरनं पायांनी चाचपून बघितलं. "अजून थोडं खाली, मामा," तो कुजबुजला.

जेवणं झाली. पाहुणे सुपारी चघळत मांडवात आडवे झाले.  शशिधर धीर करून घराला लागूनच असलेल्या सासऱ्यांच्या दुकानात गेला. नागाप्पा पोत्याला टेकून बसले होते.

"मामा, मी रुसलो नव्हतो हो. देवाशपथ! मला मोटारसायकल नको, काही नको. सायकल मोठी होती. मला उतरताच येईना."

"ठावं हाय की," नागाप्पा म्हणाले.

"कधी कळलं?"

"तोंड बघितलं तवाच. रुसल्याल्या माणसाचं डोळं तसं नसत्यात. पुरात झाडावर अडकल्याल्या माणसाचं असत्यात."

"मग अंगठी, घड्याळ, साखळी...?"

"मग काय करायचं? जावयाला सायकलवरनं उतराय येत न्हाय म्हणून वरडू? मापाचं कळत न्हाय म्हणून सासऱ्याला हसू दे आणि पाय पुरत न्हाईत म्हणून जावयाला हसू दे? रुसलाय म्हटलं की दोघांचीबी आब्रू ऱ्हाती. रुसणं जावयाला शोभतंय." मग त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "पन तुम्ही सायकलच्या दुकानातच बोलायचं की! मी काय वाघ हाय?"

शशिधर खाली बघत म्हणाला, "मी भितो तुम्हाला."

नागाप्पा टेकलेलं पोतं सोडून ताठ बसले. "मला? आवं, मी तुम्हाला भितोय! अडीच वर्सं झाली, काय मागत न्हाय, काय बोलत न्हाय, वाढलं तेवढं खाऊन उठतोय. रातरात झोप न्हाय मला. म्हटलं, पोरगीला काय तरास देतोय का काय, आतनं काय शिजतंय काय कळंना! म्हणून तर सगळ्यात थोरली सायकल घेतली."

 मग नागाप्पा हसायला लागले. त्या हसण्यानं मांडवातले आडवे झालेले पाहुणे उठून बसले. शशिधरही हसला. सासऱ्यांसमोर मोठ्यानं हसायची त्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळं त्याला ठसका लागला. नागाप्पांनी स्वतः उठून पाणी दिलं.

पाणी पिऊन झाल्यावर शशिधरनं तांब्या खाली ठेवला, घसा साफ केला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मग ती मोटारसायकल...?"

(जेवताना त्यानं तिचा रंग ठरवला होता.)

"कसली मोटारसायकल? ती गावाला सांगितली," नागाप्पा म्हणाले. "तुम्हाला तुमच्या मापाची सायकल धाडतो. ही अमरेशला ऱ्हाऊ दे, त्याचं पाय पुरत्यात."

पुढच्या आठवड्यात पंधरा इंची सायकल कोल्हापुरात आली. शशिधर तिला दोन पायांत धरून उभा राहिला. टाचा जमिनीवर, दांडीत आणि त्याच्यात चार बोटं भरपूर जागा. सीटवर बसून बूड उचललं, शॉकअप "चुईंक" झाला, दांडी वर आली, पण त्याच्यापर्यंत पोचली नाही! इतक्या दिवसांची भीती एका क्षणात निघून गेली. संध्याकाळी भर गर्दीत त्यानं सायकल बाहेर काढली. कट्ट्याकडं ढुंकूनही न बघता, रस्त्याच्या मधोमध, ऐटीत टांग मारली. छाती पुढं काढून तो गल्लीच्या तोंडाशी पोचला. तिथं बाळाबाई लसूण सोलत बसल्या होत्या. वयानं गल्लीत सगळ्यात थोरल्या, आवाजानंही. त्यांनी डोळ्यांवर हात धरून त्याला येताना बघितलं.

"कुनाच्या पोराची सायकल वडून आणलीस रं?" त्या ओरडल्या. "दे जा माघारी! रडत असंल लेकरू!"